जवारी

भाषा-साहित्याला वाहिलेल्या ह्या नियतकालिकात विजेच्या गिटारविषयी लिहावे की नाही, ह्याबद्दल मला बराच संकोच होता. संपादकांनी मागितला होता तो अनुवादविषयक लेख, आणि तो मी लिहायला घेतलाही होता. परंतु गेल्या पावसाळ्यापासून एका प्रश्नाने माझा असा पाठलाग चालवला आहे, की तो बाजूला सारून दुसरे काही लिहिणे मला जमेना. वाचकांनी ह्या विषयांतराची क्षमा करावी. मी सध्या ज्या गावात राहते तेथे, अर्थात, हे विषयांतर आहे असे कुणाला वाटणारही नाही.

अभ्यागत प्राध्यापक म्हणून मी शिलाँगला आले ती पुस्तकांच्या चार पेट्या, एक गिटार आणि एक जुना व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर घेऊन. पुण्याला हे सामान बांधताना शेजारच्या काकूंनी "अजून वाजवतेस?" असे विचारले होते, आणि त्या 'अजून'मध्ये माझी सत्तेचाळीस वर्षे, डॉक्टरेट आणि केसांतली पांढरी बट हे सगळे आले होते. येथे अतिथिगृहाच्या कारकुनाने पेटी उचलताना फक्त एवढेच विचारले, की आत व्हॉल्व्ह कोणते आहेत. १८४१ मध्ये टॉमस जोन्स हा वेल्श मिशनरी सोहऱ्याला आला, त्याने खासी भाषेला रोमन लिपी दिली. त्याच्या मागोमाग चर्चमधले चार आवाजांतले गायन आले, आणि पुढे केव्हातरी त्या गायनाच्या शेजारी गिटार येऊन बसली ती तेथून उठलीच नाही. लू माजाव ह्यांनी १९७२ मध्ये बॉब डिलनचा वाढदिवस गाण्यांनी साजरा करण्याची प्रथा ह्याच गावात सुरू केली. चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत संध्याकाळी मी वाजवू लागले की खालून कुणी तक्रार करीत नाही. फार तर पट्टी बदला असे सुचवतात.

मला जे सांगायचे आहे ते 'टोन'बद्दल आहे. ह्या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधण्याच्या खटपटीत मी फार वर्षे होते. पाठ्यपुस्तकांतला 'ध्वनीची गुणता' हा शब्द बरोबर आहे, पण त्याला कान नाहीत. खरा शब्द माझ्या घरातच होता. आई सांगलीला गाणे शिकवीत असे. तिचा तंबोरा मिरजेचा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, त्यावर तार अलगद टेकते, आणि तार व घोडी ह्यांच्यामध्ये सरकवलेला सुती दोरा योग्य जागी आला की तारेतून वरच्या स्वरांची एक झळाळी उठू लागते. तिला जवारी म्हणतात. जवारी नसलेला तंबोरा त्याच पट्टीत, तेवढ्याच जोराने वाजतो. फक्त तो बोलत नाही. विजेच्या गिटारीची जवारी घोडीवर नसते. ती तारेत असते, म्हणजे केबलमध्ये, आणि म्हणूनच ती हरवण्याच्या जागा पुष्कळ आहेत.

गिटारच्या पोटात चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे गुंडाळलेले असतात. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते. ही वीज मोठी भिडस्त असते. तिच्यामागे जोर नसतो. ज्या केबलमधून ती जाते त्या केबलचा गुणधर्म असा, की आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी मिळून एक लहानसे विद्युत्‌संग्राहक बनतात, दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरडचे. केबल जितकी लांब तितका हा संग्रह मोठा, आणि तितके वरचे स्वर जमिनीत जिरतात. सहा मीटरच्या केबलने साध्या एकेरी वेटोळ्याच्या गिटारची झळाळी चार हजार हर्ट्‌झच्या आसपास असेल, तर केबल दुप्पट केल्यावर ती तीन हजारांच्या खाली उतरते. पुष्कळांना गिटार बिघडली असे वाटते. बिघडलेला असतो तो रस्ता.

आता पेडलांची गोष्ट. १९६२ मध्ये लंडनच्या आपल्या दुकानात जिम मार्शल ह्यांनी अमेरिकन फेंडर बासमनच्या आराखड्यावरून आपला पहिला अॅम्प्लिफायर घडवला, तेव्हा त्या यंत्राला मध्येच थांबण्याची जागा नव्हती. आवाज फाटायचा तो शेवटच्या, स्पीकरला जोर देणाऱ्या टप्प्यात. १९७० च्या दशकात फाटका आवाज पहिल्याच टप्प्यात, लहान व्हॉल्व्हमध्ये निर्माण करण्याची रीत रूढ झाली, आणि एक नवी अडचण उभी राहिली. प्रतिध्वनीचे पेडल गिटार आणि अॅम्प्लिफायर ह्यांच्यामध्ये ठेवले, तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद दोन्ही एकाच वेळी फाटतात, एकमेकांत मिसळतात, आणि शेवटी चिखल होतो. घाटात हाक मारली तर हाक आधी घशातून निघते, मग डोंगरावरून परतते. पडसादाला पुन्हा घशातून काढण्यात अर्थ नाही. म्हणून अॅम्प्लिफायरच्या पहिल्या व शेवटच्या टप्प्यांमध्ये, पाठीमागे, दोन खोबण्या आल्या. एक बाहेर पाठवण्याची, सेंड. दुसरी परत घेण्याची, रिटर्न. ह्या वळशाला इफेक्ट्‌स लूप म्हणतात. वाह-वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह ही मंडळी गिटारपाशी. पडसाद, खोलीचा घुमार, कोरस ही मंडळी लूपमध्ये, अशी सर्वसाधारण वाटणी आहे. ती धर्मशास्त्र नव्हे. तिचा भंग करून कित्येकांनी उत्तम संगीत केले आहे.

माझ्या लूपमध्ये दोनच पेडले आहेत, एक पडसादाचे आणि एक घुमाराचे. गेल्या जुलैत माझ्या लक्षात आले की टोन मंद झाला आहे. सूर होता, जोर होता, जवारी नव्हती. मी साहजिकच पेडलांवर संशय घेतला. दोन्ही केबली उपटून लूप रिकामा केला आणि वाजवून पाहिले, तर आवाज पहिल्याहूनही वाईट, बारीक आणि दबलेला. म्हणजे पेडले निर्दोष, असा निष्कर्ष मी काढला. मग व्हॉल्व्हवर संशय. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ओळख काढून व्हॉल्व्ह मागवले, ते येईपर्यंत तीन आठवडे गेले, बदलले, फरक शून्य. ह्या काळात मी दर सोमवारी वर्गात पाठचिकित्सा शिकवीत होते, भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ एवढा काळ महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीवर कसा खर्च केला ते सांगत होते, आणि एकाही सोमवारी माझ्या डोक्यात आले नाही की ज्या प्रतीशी मी ताडून पाहते आहे ती प्रतच भ्रष्ट असेल.

ते लक्षात आले माझ्या एका विद्यार्थ्याच्या. हा खासी मुलगा पीएच.डी. करतो, रविवारी चर्चमध्ये गातो आणि उरलेल्या वेळात एका बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याने एक हातभर लांबीची केबल घेऊन तिचे एक टोक सेंडमध्ये व दुसरे रिटर्नमध्ये घातले, बस्स. आवाज भरून आला. रिटर्नच्या खोबणीत स्प्रिंगची एक पट्टी असते. केबल घातलेली नसते तेव्हा ती पट्टी आतल्या आत दोन्ही टप्पे जोडून ठेवते. केबल घातली की उचलली जाते. वर्षानुवर्षे केबल घालूनच ठेवली, आणि हवा शिलाँगची असली, म्हणजे त्या पट्टीवर गंज धरतो. सारांश, लूप रिकामा करून मी जो 'मूळ' आवाज ऐकला होता तो मूळ नव्हताच. "इथे सगळ्यांचे असेच होते, मॅडम," तो म्हणाला. खोबणीत साफ करण्याच्या औषधाचा फवारा मारून त्याने केबल वीसेक वेळा आतबाहेर केली. दोन मिनिटांचे काम. व्हॉल्व्हचे पैसे मात्र गेले ते गेले.

मग खरी तपासणी सुरू झाली, कारण आता तुलनेला भरवशाचा आधार होता. हातभर केबल सेंड-रिटर्नमध्ये असताना येतो तो आवाज मूळ धरायचा, आणि पेडले घातल्यावर तो किती ढळतो ते पाहायचे. आवाज ढळत होताच. माझा अॅम्प्लिफायर जुन्या पठडीचा आहे; त्याच्या सेंडमागे जोर देणारा स्वतंत्र टप्पा नाही, त्यामुळे तेथून निघणारी वीजही गिटारच्या विजेसारखीच भिडस्त. त्यातून मी पेडले पायापाशी ठेवीत असे, म्हणजे सहा मीटर जायला आणि सहा मीटर यायला. शिवाय माझी पेडले बंद असताना आत आलेला आवाज जसाच्या तसा पुढे सोडून देतात. विक्रेते ह्या गुणाची फार वाखाणणी करतात, आणि एकट्या पेडलाला तो गुण शोभतोही. पण दोन्ही पेडले बंद असली म्हणजे बारा मीटरची अखंड केबल सेंडला लोंबत राहते. उपाय दोन. एक, सेंडच्या तोंडाशीच बफर बसवावा. बफर ही लहानशी डबी आवाज मोठा करीत नाही, नुसती त्याच्या पाठीशी उभी राहते. आत घेताना काही ओढून घेत नाही, बाहेर देताना केबलला दबत नाही. दोन, पेडले अॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवावीत आणि केबली वीतभर करून टाकाव्यात. मी दुसरा उपाय आधी केला, कारण तो फुकट होता. गाण्याच्या मध्ये उठून पडसाद बंद करायला जावे लागते, हा त्यातला तोटा. दोन महिन्यांनी बफर घेतलाच.

पातळीचा प्रश्न वेगळा. पेडले गिटारच्या अंगाने बनवलेली असतात, नऊ व्होल्टांवर चालतात. लूपमधून येणारा आवाज गिटारच्या मानाने बराच मोठा असू शकतो. काही यंत्रांना पाठीमागे ह्यासाठी कळ असते, अधिक चार आणि उणे दहा असे लिहिलेली. पहिली पातळी सुमारे सव्वा व्होल्टाची, दुसरी तीन दशांश व्होल्टाच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चौपटीचा फरक. कळ चुकीच्या बाजूला असली तर जोरकस आघातावर पेडल आतल्या आत फुटते, किंवा उलट शेवटच्या टप्प्याला पुरेसे खाद्यच मिळत नाही आणि आवाज ओसरल्यासारखा होतो. माझ्या यंत्राला कळ नाही, दोन बटणे आहेत. सेंड थोडे उतरवले, रिटर्न तेवढेच चढवले. पेडल चालू काय आणि बंद काय, मूळ स्वर तेवढाच राहील असे.

विद्यार्थ्याच्या बँडच्या अॅम्प्लिफायरमध्ये एक निराळाच रोग सापडला. तेथे लूप समांतर आहे: मूळ आवाजाचा एक प्रवाह सरळ जातो, दुसरा पेडलांतून फिरून येतो, आणि शेवटी एका बटणाने दोन्ही मिसळतात. कल्पना सुंदर, मूळ कधीच हरवत नाही. पण त्यांचे अंकीय पेडल पडसादाबरोबर मूळ स्वराचीही स्वतःची नक्कल परत पाठवीत होते, आणि आकड्यांत जाऊन परत यायला त्या नकलेला किंचित उशीर होत होता. दोन मिलिसेकंद उशीर धरला तरी अडीचशे हर्ट्‌झवर मूळ आणि नक्कल एकमेकांना खाऊन टाकतात, मग साडेसातशेवर, मग साडेबाराशेवर. कंगव्याच्या दात्यांसारखी भगदाडे पडत जातात. आवाज पोकळ. पेडलातली मूळ स्वराची वाट बंद केली, फक्त पडसाद परत येऊ दिला, आणि भगदाडे बुजली. मूळाच्या शेजारी मूळासारखेच, पण जरा उशिरा येणारे काही ठेवले की दोघांचेही नुकसान होते. रशियन कादंबऱ्या आपण इंग्रजीतून मराठीत आणल्या, तो लूप सरळ, एकेरी होता. त्यात निदान हा धोका नव्हता. असो, अनुवादाचा लेख निराळा लिहीन.

सप्टेंबरअखेर सगळे जागच्या जागी बसले. पेडले घालून आणि काढून, विद्यार्थ्याला पाठमोरा बसवून मी वीस वेळा वाजवले. कोणत्या वेळी पेडले मध्ये आहेत हे त्याला ओळखता येईना. "आता काहीच हरवत नाही, मॅडम." मला मात्र जवारी ऐकू येत नव्हती. मी ट्रेबलचे बटण पाचावरून सातावर नेले, मग आठावर. त्याने कानांवर हात नेले नाहीत, तो फार सभ्य मुलगा आहे. पण त्याच्या भुवया मी पाहिल्या.

त्या भुवया मी पूर्वी पाहिल्या होत्या, मिरजेला. आई बासष्ट वर्षांची होती. तंबोऱ्याची जवारी गेली, असे ती म्हणू लागली. गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर आडवा धरून मी तिच्याबरोबर रिक्षाने मिरजेला गेले. कारागिरांनी घोडी काढली, घासली, दोरा लावला, छेडून दाखवला. आईने मान हलवली. दीड महिन्याने पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी तंबोरा एक रात्र ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या, काही विशेष नव्हतं." मला ते त्यांचे औदार्य वाटले, आणि आईला वाटले की ते मन लावून काम करीत नाहीत. घरी येताना ती रिक्षात त्यांच्यावर रागावली होती. आता पूर्वीची माणसे राहिली नाहीत, हातातले कसब गेले, वगैरे. तंबोऱ्याला काही झालेले नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखले असेल. पुढे दोन वर्षांनी कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढला, तोवर तिच्या चार विद्यार्थिनी गाणे सोडून गेल्या होत्या, कारण ती त्यांच्यावर सूर स्पष्ट लावत नाही म्हणून ओरडत असे. तंबोऱ्याला गवसणी घातली गेली ती तेव्हापासून आहे. ते कारागीर आज हयात नाहीत. मी त्यांची क्षमा मागितलेली नाही.

मी गुवाहाटीला जाऊन तपासून घेतले. कागदावर दोन रेषा आल्या. दोन्ही बऱ्यापैकी सरळ चालत येतात आणि चार हजार हर्ट्‌झपाशी खड्ड्यात उतरतात. डाव्या कानाची जास्त खोल. अठ्ठावीस वर्षे अॅम्प्लिफायर माझ्या डाव्या हाताला होता, आणि त्याच बाजूला ड्रमच्या झांजा. पंचाऐंशी डेसिबल आवाज दिवसाचे आठ तास सहन होतो असे मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभर डेसिबलला पाव तास. आम्ही तीन-तीन तास वाजवीत असू. आतल्या कानातल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितले. पहिल्यांदा मला ऐकू आले नाही असे त्यांना वाटले असावे. गिटारच्या बारा इंची स्पीकरचा आवाज पाच हजारांच्या पुढे झपाट्याने ओसरतो. त्याची झळाळी जेथे राहते नेमका तेथेच माझा खड्डा आहे. स आणि श, त आणि थ हे व्यंजनांचे बारीक भेदही त्याच्याच आसपास राहतात, आणि वर्गात मागच्या बाकांवरून आलेले प्रश्न मी हल्ली पुन्हा विचारायला सांगते, त्याचे कारण खासी उच्चारांची सवय नसणे हे नव्हते, हेही तेव्हाच कळले. एक वर्षभर मी त्या मुलामुलींना सावकाश बोलायला सांगत होते.

आईला दूरध्वनी केला. यंत्र लावल्यावर तिला आता बरे ऐकू येते. मी खड्ड्याचे सगळे सांगितले, आकड्यांसकट. ती ऐकून घेत राहिली. मग तिने विचारले, "दुरुस्तीला किती वेळा टाकलीस?"

"तीनदा," मी म्हटले. व्हॉल्व्ह, केबली आणि बफर.

आता वाजवताना मी कानांत बोंडे घालते, वर्गात पुढच्या बाकांच्या मधे उभी राहून शिकवते. ट्रेबलच्या बटणाला विद्यार्थ्याने पांढऱ्या रंगाचा एक ठिपका लावून दिला आहे, साडेपाचाच्या जरा अलीकडे. पेडले आहेत तेथेच आहेत, बफर सेंडच्या तोंडाशी आहे. परवा सरावाच्या वेळी पाऊस पडत होता, पत्र्यावर मोठा आवाज होता, आणि मला वाटले की आज थोडे वर नेले तर चालेल. मी बटण ठिपक्याच्या पुढे सरकवून त्याच्याकडे पाहिले. तो खोलीच्या त्या टोकाला डोळे मिटून उभा होता.

"थोडं कमी करा, मॅडम."

मी कमी केले.